पेंद्याची जागा

"रेवडी घ्या, रेवडी! सासूला द्या, दातात चिकटंल, तासभर बोलणार न्हाई. सुनंला द्या, कुडुमकुडुममध्ये सासूचं ऐकूच येणार न्हाई!"

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला, कानिफनाथांच्या गडाच्या पायथ्याशी, रंगपंचमीच्या दिवशी हा आवाज कानावर पडला. मढीचा प्रसाद रेवडीचा. त्यामुळे गडाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंनी रेवड्यांचे ढीगच ढीग. सगळ्यांकडे तोच माल, जवळपास तोच भाव. तरी गर्दी एकाच पालापुढे थांबलेली. पालावर विशीबाविशीचा एक पोरगा होता. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात कॉलेजच्या गॅदरिंगमधून उचलून आणल्यासारखा दिसणारा माइक.

मढीची आणखी एक ओळख म्हणजे गाढवांचा बाजार. गावरान गाढवं, काठेवाडी गाढवं, लांबलांबचे व्यापारी, दात बघून चाललेली घासाघीस. पोरगा ऐन रंगात आला आणि मागच्या बाजूला एक गाढव ओरडायला लागलं. माइक हातात असलेला दुसरा कुणी असता तर आवाज चढवून बोलत राहिला असता. हा थांबला. माइक खाली घेतला, मान वळवली आणि शाळेतल्या गुरुजींसारखा हात मागं बांधून ऐकत राहिला. गाढवाचं संपलं. त्यानंतरही त्यानं एक श्वास जाऊ दिला.

"झालं का पावनं? मंग मी बोलू? एका टायमाला एकानंच बोलायचं, असं आपल्यात ठरलेलं हाय."

हशा उसळला. रेवड्या खपल्या. मीही अर्धा किलो घेतल्या, गरज नसताना.

संपादकांनी या अंकाचा विषय दिला होता 'श्रीगणेशा'. कुणीतरी काहीतरी पहिल्यांदा करू बघतंय, तिथं जाऊन बघून या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी लोकांना हसवायला निघालेली पोरं शोधायची ठरवली, तीही आपल्याच नगर जिल्ह्यात. मुंबई-पुण्यात हसवणं शिकायची कार्यशाळा असते, कॅफेत माइक असतो. चौदा तालुक्यांच्या, क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत, एखाद्याला वाटलं की आपण लोकांना हसवू शकतो, तर त्यानं जायचं कुठं?

रेवडीवाल्या पोरानं चहा पिता पिता सांगितलं की त्यानं एका टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय. उत्तर आलेलं नाही. आईवडील ऊसतोडीला गेलेले. हा रेवड्यांचं पाल मामाचं म्हणून सांभाळत होता. "नाव छापू नका ताई," तो म्हणाला. "फेमस झाल्यावर छापा."

उचल

या जिल्ह्याच्या दक्षिणेकडे 'उचल' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुकादमाकडून ऊसतोडणी कामगार जी आगाऊ रक्कम घेतो ती उचल. पाऊस ओसरता ओसरता ती घ्यायची आणि हंगामभर कोयत्यानं फेडायची. तमाशाच्या फडातला कलावंतही हंगामाआधी फडमालकाकडून घेतो, तिलाही उचलच म्हणतात. ऊसतोडीची बैलगाडी आणि तमाशाची गाडी, दोन्ही दसऱ्याच्या आसपासच गाव सोडतात. तमाशाचा हंगाम दसऱ्याला उघडतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास मिटतो. मधले सात-आठ महिने अंगावर ती रक्कम असते. आजारी पडलं, रुसलं, दुसऱ्या फडानं बोलावलं, तरी ती फिटल्याशिवाय सुटका नाही.

नगरकरांना तमाशा लांबचा नाही. नारायणगाव पुणे जिल्ह्यात येत असलं तरी पारनेर, संगमनेर, अकोल्याच्या यात्रा कमिट्यांचा सुपारीसाठीचा रस्ता तिकडेच जातो. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. टोप्या घातलेली चार-पाच माणसं एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत हिंडत असतात. त्यांचे प्रश्न ठरलेले: बाया किती, लायटिंग कसली आणि सोंगाड्या कोण?

हा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. नाच बघायला गर्दी येते, पण रात्री दोननंतर माणसं मांडी घालून बसून राहतात ती सोंगाड्यासाठी. सांगलीकडच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ याच जोरावर महाराष्ट्रभर गाजले. इंदुरीचे गजानन सरोदे, म्हणजे सगळ्यांचे दादू इंदुरीकर, 'गाढवाचं लग्न'मधल्या सावळ्या कुंभाराला घेऊन १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारापर्यंत पोचले. आपल्या जिल्ह्यात संगमनेरला तर घरच तमाशाचं. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचा मुलगा रघुवीर खेडकर फडमालकही झाला आणि सोंगाड्याही. कांताबाई २०२१ च्या मे महिन्यात संगमनेरातच गेल्या, करोनाच्या त्या दुसऱ्या लाटेत, जेव्हा यात्रा बंद होत्या आणि राहुट्या लागल्याच नव्हत्या. पुरुषाच्या भूमिकाही त्यांनी गाजवल्या होत्या. पण फडात हसवायचं काम बाईच्या वाट्याला फारसं येत नाही, हे मला पुढे फिरताना सारखं खटकत राहिलं. गवळणींबरोबर येणारी ती म्हातारी, चहाटळ 'मावशी'सुद्धा डोक्यावर पदर घेतलेला पुरुषच असतो.

अन् मंग?

चैत्रात पारनेर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेला गेले. यात्रेचा क्रम ठरलेला असतो. रात्री छबिना, मग तमाशा, सकाळी त्याच फडाची हजेरी, दुपारी कुस्त्यांचा हगामा. हजेरी ही चीज बाहेरच्यांना माहीत नसते. रात्रभर नाचून, बोलून आलेल्या कलावंतांनी तास-दोन तास झोप काढायची आणि ऊन चढायच्या आत, बहुतेक वेळा देवळासमोरच, पुन्हा उभं राहायचं. रात्री लायटिंग असतं, अंधार असतो, घरच्यांपासून लपून आलेली पोरं असतात. सकाळी सगळं उघडं. समोर धोतरातले म्हातारे, माळवदावर बाया, लेकरं. रात्रीचे विनोद सकाळी चालत नाहीत. नवशिक्याची खरी परीक्षा हजेरीला.

फडातले जुने सोंगाडे साठीच्या पुढचे होते. ट्रंकेवर बसून तोंडाचा रंग खोबरेल तेलानं पुसत होते. अकोल्याकडची बोली, 'मपलं-तुपलं'वाली. मी विचारलं, "बाबा, तुम्ही सुरुवात कशी केली?"

"मपलं काय इचारता. पयलं वरीस मी तोंडच उघडलं न्हाई. झील धरायची. तुणतुण्यावाल्याच्या शेजारी उभं ऱ्हायचं अन् जी जी रं जी. दुसऱ्या वर्षी मालक म्हनला, पेंद्या कर."

गण झाला की गवळण येते. कृष्ण गवळणींची वाट अडवतो, तेव्हा त्याच्या बगलेत असतो तो लंगडा, बोबडा सवंगडी पेंद्या. मला वाटायचं पेंद्याचं काम हसवायचं. म्हाताऱ्यानं मान हलवली.

"पेंद्याचं काम इचारायचं. किस्न बोलतो, मावशी बोलती. पेंद्या म्हनतो, 'अन् मंग?' बास. त्यो 'अन् मंग' आधी पडला तर म्होरच्याचं हसं तोंडातच मरतं. उशिरा पडला तर आंबतं. लोक हसत्यात मावशीला, पर हसं उभं करतो पेंद्या. मी चार वर्सं 'अन् मंग' म्हनलं. पाचव्या वर्षी मंग मला बतावणीत घेतला."

बतावणी म्हणजे दोघांची जुगलबंदी. एकजण थापा मारतो, दुसरा त्या थापांना भोळेपणानं खतपाणी घालतो. याचं लिखित असं काही नसतं. वगाचंही बरंचसं तसंच. कथा ठाऊक, प्रवेश ठाऊक, कोण कुठून येणार तेवढं राहुटीत सांगितलं की बोर्डावर उभं राहायचं. पण म्हणून मनाला येईल ते बोलतात असंही नाही. बतावणीत 'जागा' असतात. बाकी सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या तोच, फक्त जागेवर दर गावी नवीन काहीतरी बसवायचं.

ते 'नवीन काहीतरी' मिळवायची पद्धत ऐकून मी चाट पडले. गाडी गावात पोचली की बाबा आधी न्हाव्याच्या दुकानात जाऊन दाढी करून घेतात. दाढी वाढलेली असो वा नसो. पंधरा मिनिटांत कळतं की बंधाऱ्याचं पाणी कुणी अडवलं, बोअर कुणाची कोरडी गेली, शर्यतीत कुणाचा बैल फिरून गोठ्याकडे पळाला, कारखान्यानं भाव किती दिला. रात्री हे सगळं नावं न घेता बतावणीतल्या राजाच्या राज्यात घडतं. गाव ओळखतं आणि हसतं.

"पर नेम हाय त्याला," बाबा म्हणाले. "इलेक्शनला पडलेल्यावर बोलायचं न्हाई. त्यो आधीच रडकुंडीला आलेला आसतो, भांडान हुतं. निवडून आलेल्यावर बोलायचं. त्यो हसतो बी अन् बक्षीस बी देतो."

त्या सकाळी पेंद्या झालेला पोरगा अठरा-एकोणीसचा असेल. पहिल्या दोन 'अन् मंग'ना त्यानं घाई केली. मावशीचं काम करणाऱ्यानं, संवाद न सोडता, पदर सावरायच्या निमित्तानं त्याच्या पायावर पाय दिला. तिसऱ्या वेळी पोरगा थांबला. समोरचे म्हातारे हसले. मला मढीचं गाढव आठवलं.

सगळंच काही गोड नव्हतं. द्व्यर्थी बोलण्याचा भाग इतका की रात्रीच्या खेळात मी दोनदा उठून बाहेर गेले. एका कलावंताला विचारलं तर म्हणाला, आम्ही कमी केलं तर पुढून शिट्ट्या येतात, "गाणी लावा" म्हणून. लोक आता वगापर्यंत थांबत नाहीत, हिंदी-मराठी सिनेमाची गाणी झाली की उठतात. म्हणजे सोंगाड्याला शिकायला जी लांबलचक रात्र मिळायची, तीच आखडत चाललीय.

टाळकरी का हसतात

ज्याला फडात जायचं नाही, घरचे जाऊ देणार नाहीत, त्याच्यासाठी जिल्ह्यात दुसरा मोठा रंगमंच आहे आणि तिथं चपला बाहेर काढून बसावं लागतं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदोरीकर महाराज, पूर्वी शिक्षक होते. त्यांच्या कीर्तनाला जेवढी माणसं बसून हसतात तेवढी एखाद्या नाटकाला क्वचितच. बायकांबद्दलच्या त्यांच्या बोलण्यावर टीकाही भरपूर झाली, आणि मुलगा-मुलगी होण्याबद्दलच्या त्यांच्या विधानावरून २०२० मध्ये प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. ती टीका मला पटते. पण हसवण्याचं तंत्र म्हणून बघायला बसलं की शिकण्यासारखं पुष्कळ निघतं.

वारकरी कीर्तनाची घडण पक्की आहे. अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण, मध्ये दृष्टांत, पुन्हा अभंगाच्या चरणावर यायचं. हसू सगळं दृष्टांतात. श्रोता हसत हसत लांब गेला की टाळ वाजतात आणि त्याला चरणाशी परत आणतात. एकट्यानं माइक धरून उभ्या राहणाऱ्या शहरी विनोदवीराला हीच अडचण येते: एका गमतीवरून दुसरीवर जायचं कसं? कीर्तनकाराला ती अडचणच नाही, मागं पखवाज आहे.

नेवासे तालुक्यातल्या एका सप्ताहात मी मुद्दाम बाजूला बसले, टाळकरी दिसतील अशी. कीर्तनकार तरुण होता, आळंदीला शिकून आलेला. जोग महाराजांनी १९१७ मध्ये तिथं वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतली मुलं तिथं पाठांतर करत आली आहेत. विनोद मात्र तिथल्या अभ्यासक्रमात नाही. तो मोठ्या महाराजांच्या मागं टाळ घेऊन उभं राहून शिकायचा. याच्या मागं उभ्या असलेल्या टाळकऱ्यांनी तो दृष्टांत त्या महिन्यात किमान दहाव्यांदा ऐकला असणार. तरी प्रत्येक जागेवर ते आधी किंचित पुढं वाकत आणि मग हसत. ते वाकणं बघून पुढच्या ओळीतल्या बायांना कळत होतं, की आता येतंय.

नंतर त्यातल्या एकाला विचारलं, "खरंच हसू येतं का हो?" तो म्हणाला, "येत नाही. पण आपण नाही हसलो तर महाराज एकटे पडतात."

मुलगी कुठं उभी राहणार

श्रीरामपूरची एक मुलगी नगरच्या कॉलेजात शिकते. तिला विनोदी भूमिकाच करायच्या आहेत. "एकांकिकेत मुलीला आई करतात, प्रेयसी करतात, नाहीतर बलात्कार झालेली करतात," ती सरळ म्हणाली. "वेंधळी, मूर्ख, खादाड असं काही मुलांनाच."

नगरचं हौशी रंगभूमीचं वातावरण तसं जुनं आणि दणकट. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र इथं असतं, महाकरंडक एकांकिका स्पर्धेला राज्यभरातून संघ येतात. पुण्याच्या 'पुरुषोत्तम'चं, १९६३ पासूनच्या त्या करंडकाचं, वेड इथल्या पोरांनाही असतं. सदाशिव अमरापूरकर याच मातीतले. नगरला हौशी नाटकं करत वर्षं गेली, मग 'हँड्स अप' या नाटकात गोविंद निहलानींनी त्यांना पाहिलं आणि १९८३ च्या 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी मिळाला. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. पुढे 'आँखें'सारख्या सिनेमांत त्यांनी लोकांना हसवलंही, पण ते खलनायक म्हणून नाव झाल्यानंतर. न्यू आर्ट्‌स कॉलेजच्या संज्ञापन विभागात नागराज मंजुळे शिकून गेल्यापासून तर कॅमेरा हातात घेतलेली पोरं गल्लोगल्ली दिसतात.

या मुलीनं वाट शोधली ती तालमीतून. मुख्य विनोदी मुलगा आजारी पडला की त्याच्या जागी ती संवाद म्हणते. दोनदा असं झालं. दुसऱ्यांदा तालमीत सगळे लोळले. प्रयोगाला मात्र तो मुलगा बरा होऊन आला. "मला वाटलं त्याला थोडा ताप राहावा," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. टीव्हीवर विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांना बघून तिला आपलं काही वेडं नाही असं वाटतं. आईचं म्हणणं, त्या मुंबईच्या आहेत.

पाच मिनिटं

रेवडीवाला पोरगा जूनमध्ये पुण्याला गेला. तिथल्या एका कॅफेत ओपन माइक असतो, नाव नोंदवलं की पाच मिनिटं मिळतात. 'भाडिपा'नं मराठी स्टँड-अप यूट्यूबवर आणल्यापासून मराठीत बोलणारी पोरंही तिथं उभी राहतात. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटर. हा पाथर्डीहून निघाला म्हणजे आणखी पन्नास. जायला एसटी आहे, परतीचं कोडं असतं. पाच मिनिटांसाठी त्याची रात्र बसस्थानकावर गेली.

"पडलो ताई," फोनवर म्हणाला.

विषय त्याचा स्वतःचा होता. ऊसतोडीच्या कोपीत राहिलेलं लहानपण, दर सहा महिन्यांनी बदलणारी शाळा, हजेरीपटावर दोन जिल्ह्यांत एकाच वेळी हजर असलेला तो. मला तो भाग ऐकवला होता तेव्हा मी पोट धरून हसले होते. पण समोरच्यांना मुकादम म्हणजे कोण, कोपी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. समजावून सांगण्यात तीन मिनिटं गेली. "हसले न्हाई असं न्हाई. हसले, पण उशिरा. आन दोघीजणी तर रडायच्याच बेतात."

त्याची चूक काय झाली हे त्यालाच कळलं होतं. पारनेरच्या बाबांची गोष्ट मी त्याला सांगितली होती. न्हाव्याच्या दुकानात जायचं तो विसरला. कॅफेत जाऊन समोरची माणसं काय बोलतात, कशाला वैतागतात हे न ऐकताच माइक धरला.

रीलचं त्याचं बरं चालतं. शेतात मोबाइल उभा करून बापलेकाचे संवाद करतो, दोन्ही भूमिका स्वतः, बापासाठी टोपी. एका मोबाइलच्या दुकानानं उद्घाटनाला बोलावलं, पैसेही दिले. पण रीलमध्ये त्याला एक गोष्ट जमत नाही. "थांबताच येत न्हाई. एक सेकंद थांबलं की बोट वर. माणूस पुढच्या रीलवर." मोबाइलवरचं हसू त्याला ऐकू येत नाही, नुसता आकडा दिसतो. आकड्यावरून कुठली जागा जमली आणि कुठली पडली हे कसं कळणार?

टीव्हीचं स्वप्न तरी आहेच. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आल्यापासून खेड्यातल्या पोरांना एक गोष्ट पटली, की बोली हा दोष नाही. भारत गणेशपुऱ्यांची वऱ्हाडी चालते, चिपळूणकडच्या ओंकार भोजनेंची भाषा चालते. मग पाथर्डीची का नाही? पण ही मंडळीही प्रायोगिक, हौशी, व्यावसायिक अशा रंगमंचांवर वर्षानुवर्षं उभी राहून तिथं पोचली, हे दोन मिनिटांच्या व्हिडिओत दिसत नाही. त्याआधीची पिढी बघितली तर निळू फुले, राम नगरकर सेवादलाच्या कलापथकातून आले. नगरकरांनी पुढे 'रामनगरी'त स्वतःच्याच आयुष्यावर एकट्यानं बोलत लोकांना हसवलं. पण त्याआधी कितीतरी गावांच्या चौकांत त्यांनी दुसऱ्यांबरोबर उभं राहून बोलून घेतलं होतं. आता तसं कलापथक गावात येत नाही.

भाद्रपद

गणपतीत रेवडीवाल्या पोराच्या गावी गेले. मंडळाच्या स्टेजवर करमणुकीचा कार्यक्रम होता. मला वाटलं हा एकटा बोलणार. हा आला तो गावातल्या एका म्हाताऱ्या बहुरूप्याला बरोबर घेऊन. एकेकाळी दारोदार पोलीस होऊन फिरणारा, खोट्या वॉरंटवर शेजारच्या गावातल्या कोंबड्यालाही आरोपी करणारा तो माणूस हल्ली घरीच बसून असतो. पोरगा त्याच्या शेजारी हवालदार म्हणून उभा राहिला, हातात वही. म्हातारा आरोप वाचत सुटला: सरपंचावर, पोस्टमनवर, गावच्या डीपीवर, मागच्या वर्षी न पडलेल्या पावसावर. पोरगा वहीत लिहायचा, मान वर करायचा आणि एवढंच म्हणायचा, "आन मग, सायेब?"

पाऊण तास गाव हसत होतं. म्हातारा घामाघूम, खूश. पोरानं स्वतःचा एकही विनोद केला नाही. डीपीवरच्या आरोपाला नेमकी वीज गेली, तर अंधारात तो सात-आठ सेकंद गप्प राहिला आणि मग त्याच सुरात त्याचा प्रश्न आला. त्या हशाला मी मोजायचा प्रयत्न केला. जमलं नाही, मीही हसत होते.

हा लेख छापायला जायच्या आधी, सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आई-वडिलांची बैलगाडी दसरा झाला की निघणार होती.

"ताई, उचल घेतली."

"कुणाची? मुकादमाची की फडाची?"

पलीकडं शांत. मागं कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. मला वाटलं फोन कट झाला. मग लक्षात आलं, की तो वाट बघतोय.

"अन् मंग?" मी म्हटलं.